'रिहॅब' म्हणजे नुसती खोली नव्हे!

मध्यंतरी माहुलच्या एक मावशी कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आल्या. तानसा जलवाहिनीलगतची त्यांची झोपडी महापालिकेने तोडली आणि बदल्यात माहुलला खोली दिली. मावशींनी विचारले, "वकीलसाहेब, सगळे म्हणतात तुमचं रिहॅब झालं. मग आमचं वाटोळं कसं झालं?" प्रश्न बिनतोड होता. आम्ही कायद्याचे पुस्तक बाजूला ठेवून शब्दकोश उघडला.

'रिहॅबिलिटेशन' म्हटले की 'हॅबिटेशन', म्हणजे वस्ती, आठवते. आपला मराठी शब्दही तसाच आहे. पुनर्वसन म्हणजे पुन्हा वसवणे. हे दोन्ही इंग्रजी शब्द लॅटिनच्या 'हाबेरे' या एकाच क्रियापदाच्या कुळातले. परंतु रिहॅबिलिटेशनचे जवळचे नाते आहे 'हाबिलिस'शी, म्हणजे लायक, समर्थ या शब्दाशी. इंग्रजीतला 'एबल' याच घराण्यातला. या शब्दाचा जुना अर्थ घर देणे असा नव्हताच. माणसाचा हिरावलेला दर्जा, हक्क आणि अब्रू त्याला परत बहाल करणे, असा होता.

फ्रान्समधील जोन ऑफ आर्कला १४३१ साली जिवंत जाळले. १४५६ साली फेरखटल्यात तिची शिक्षा रद्द झाली. इतिहासकार त्या खटल्याला रिहॅबिलिटेशनचा खटला म्हणतात. मेलेल्या मुलीला कोण खोली देणार? तिला परत मिळाली ती इज्जत. पुढे विसाव्या शतकात युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना पुन्हा कामाला लायक करणे, यालाही हाच शब्द रूढ झाला.

आपल्याकडे काय झाले? महाराष्ट्रात १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा आला, १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले. आता बिल्डरच्या तोंडी गरिबाची ती 'रिहॅब बिल्डिंग' आणि श्रीमंताची ती 'सेल बिल्डिंग'. माणसाचा शब्द इमारतीला चिकटला!

माहुल हे त्याचे जळजळीत उदाहरण. एका बाजूला तेलशुद्धीकरण कारखाने, दुसरीकडे रसायनांच्या टाक्या. तेथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच नोंदवले. तरीही २०१७ पासून जलवाहिनीलगतची हजारो माणसे तेथेच धाडली गेली. रोजगार दूर, शाळा दूर, दवाखाना दूर आणि श्वासात विष. ऑक्टोबर २०१८ पासून या लोकांनी विद्याविहारला रस्त्यावर ठाण मांडले. अखेर सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने बजावले की, कोणालाही माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही. दुसरीकडे घर देता येत नसेल तर दरमहा १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्या. पुढे २०२५ साली महापालिकेने तेथील रिकामी घरे आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली, तर प्रतिसाद थंड! ज्या घराकडे साहेबाचा कारकून फिरकत नाही, तेथे झोपडीवाल्याचे 'पुनर्वसन' होते, हा कोणता न्याय?

२०१३ च्या भूमिसंपादन कायद्याच्या नावात 'पुनर्वसन' आणि 'पुनर्वसाहत' असे दोन वेगळे शब्द आहेत, हे ध्यानात घ्यावे. माणसे उचलून दुसरीकडे ठेवणे ही पुनर्वसाहत. ती माणसे पूर्वीइतकी तरी समर्थ होणे, त्यांचा रोजगार, लेकरांची शाळा आणि आरोग्य शाबूत राहणे, हे पुनर्वसन. संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सांगून ठेवले आहे.

म्हणून बांधवांनो, नोटीस हाती पडली की खोली किती फुटांची, एवढेच विचारू नका. कामाचे ठिकाण किती दूर, शाळा कोठे, दवाखाना कोठे, हवा कशी, हे लेखी विचारा आणि अर्जावर पोचशिक्का घ्या. मावशींना आम्ही हेच सांगितले: तुमची फक्त पुनर्वसाहत झाली आहे. रिहॅब अजून बाकी आहे, आणि ती भीक नव्हे, हक्क आहे.