हुलग्याचे शेंगोळे : घरच्या धान्याचे रात्रीचे जेवण

बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकर हे गाव नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेले. १८८५ च्या सुमारास हा कालवा वाहू लागला आणि पुढे या काळ्या रानात ऊस स्थिरावला. गावापासून उत्तरेस लोणी भापकर, मोरगावच्या बाजूस निघाले की कालव्याचे पाणी मागे राहते आणि बाजरी, ज्वारी, हुलगा यांचे जिरायत रान लागते. रान दोन तऱ्हेचे असले तरी थंडीच्या दिवसांतील रात्रीचे जेवण दोन्हीकडे पुष्कळसे सारखेच असे. चुलीवर हुलग्याचे शेंगोळे रटरटत असत आणि घरातील लहानथोर मंडळी भोवती बसून वाट पाहत.

बागायतीच्या घरांतून हुलगा आता मागे पडत चालला आहे. ऊस कारखान्यास जातो व त्याचे पैसे हप्त्याहप्त्याने हाती येतात. रात्रीचे जेवण मात्र रोज करावे लागते. बिल लांबले की वाण्याची उधारी वाढते, आणि त्या उधारीत डाळ व तेल यांच्या जोडीला मुलांसाठी आणलेले तळलेले पुडेही असतात. हुलगा हे बैलाचे व घोड्याचे खाद्य, अशी समजूतही त्याच्या आड आली. बैलाच्या अंगी बळ यावे म्हणून जे धान्य भिजवून चारावयाचे, ते स्वतःच्या ताटात नको म्हणावयाचे, हे थोडे विचित्रच म्हटले पाहिजे.

वस्तुतः हुलग्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २१ ते २२ ग्रॅम प्रथिने व ८ ते ९ मिलिग्रॅम लोह असते. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन या घटकाची उणीव असते. कडधान्यात तो पुरेसा असतो. म्हणून भाकरी आणि हुलगा एकत्र खाल्ल्यास एकाची उणीव दुसरा भरून काढतो. महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांस रक्तक्षय असल्याचे २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. त्यात सर्वांच्या मागून, उरलेसुरले जेवणारी शेतकऱ्याची गृहिणीही आहे. तिच्या ताटात काय पडते याकडे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मुद्दाम लक्ष द्यावयास हवे.

पाच माणसांच्या कुटुंबासाठी हुलग्याचे पीठ ४०० ग्रॅम व ज्वारीचे पीठ १०० ग्रॅम घ्यावे. हुलगे निवडून, खडे काढून, मंद विस्तवावर थोडे भाजून दळून आणल्यास उग्रपणा कमी होतो. पंधरा-वीस लसणाच्या पाकळ्या, जिरे, मिरची व मीठ एकत्र वाटावे. यातील निम्मे वाटण व थोडी हळद पिठात घालून पीठ घट्ट मळावे. सैल राहिल्यास शेंगोळे पाण्यात विरघळतात. ओला हात लावून करंगळीएवढी जाड वळी करावी आणि तिची दोन्ही टोके जोडून कडे करावे. हे काम मुले आनंदाने करतात. त्यांची कडी वाकडीतिकडी झाली तरी शिजण्यास काही अडत नाही.

पातेल्यात दोन मोठे चमचे तेल तापवून उरलेल्या वाटणाची फोडणी द्यावी व सुमारे दोन लिटर पाणी ओतावे. पाण्यास खळखळून उकळी आल्यावरच शेंगोळे एकेक करून सोडावेत. पहिली पाच मिनिटे पळी मुळीच घालू नये. नंतर आच कमी करून पंधरा-वीस मिनिटे शिजवावेत. परातीस लागलेले पीठ पाण्यात कालवून त्यातच ओतावे, म्हणजे रस्सा दाट होतो. एका पातेल्यात सर्व जेवण होत असल्याने सरपण किंवा गॅसही बेताचाच लागतो.

याप्रमाणे माणशी सुमारे १९ ग्रॅम प्रथिने व ७ मिलिग्रॅम लोह मिळते. प्रौढ स्त्रीस दिवसाकाठी २९ मिलिग्रॅम लोह घेण्याची शिफारस आहे. म्हणजे सुमारे पाव हिस्सा या एका जेवणात येतो. कडधान्यातील लोह अंगी सहज लागत नाही. ताटात लिंबाची फोड असल्यास ते अधिक लागते, आणि जेवणावर लगेच चहा घेतल्यास कमी. चहा तासाभराने घ्यावा.

आता हुलगा आणावयाचा कोठून? कालव्याच्या गावातही पाणी न चढणारे, मुरमाड असे उंचवट्याचे तुकडे असतात. हुलगा तेथेच साधतो; पाणी साचणारी जमीन त्यास मानवत नाही. जिरायतीत त्याचे हेक्टरी पाच-सहा क्विंटल उत्पन्न धरले, तर १० गुंठ्यांत ५० ते ६० किलो धान्य येते. आठवड्यातून दोनदा शेंगोळे केल्यास वर्षास सुमारे ४२ किलो लागते. बियाण्यास थोडे राखूनही हे १० गुंठे पुरतात. पेरणीस दीड किलो बी पुरे होते व ती जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत उरकावी. पीक सुमारे शंभर दिवसांत निघते, भूस जनावरांस होते आणि मुळांवरील गाठी जमिनीत नत्र सोडून जातात. साठवणीत भुंगेऱ्याचे भय असते. म्हणून धान्य कडक उन्हात वाळवून, कडुलिंबाचा सुकलेला पाला घालून कोठीत भरावे.

रात्री उरलेले शेंगोळे सकाळपर्यंत रस्सा पिऊन घट्ट होतात. त्यात वाटीभर कढत पाणी घालून पुन्हा एक उकळी आणली की शाळेस जाणाऱ्या मुलांची न्याहारी होते.