नावापुढचे दोन तारे

गुरुवारी, 15 जानेवारी 2026 ला, नागपूरकर जवळपास नऊ वर्षांनी नगरसेवक निवडणार आहेत. आधीची निवडणूक फेब्रुवारी 2017 ची. मार्च 2022 पासून महापालिकेत प्रशासक. एवढ्या काळात महाल भागातली बिऱ्हाडं मनीषनगरला गेली आणि मनीषनगरची हद्द ओलांडून थेट बेशाला. मतदार यादीतली नावं मात्र जुन्याच पत्त्यावर मुक्कामाला आहेत.

त्यामुळे ‘कोणतं ओळखपत्र चालेल?’ हा घरोघरचा प्रश्न मला दुय्यम वाटतो. मतदार ओळखपत्र सापडत नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा फोटोचं बँक पासबुक न्या. मूळ प्रत न्या म्हणजे वाद नको. पण यादीत नाव नसेल तर ही सगळी कार्डं मिळूनही मत देता येत नाही. यादीसुद्धा नवी नाही. 1 जुलै 2025 ची विधानसभेची यादी प्रभागांत फोडली आहे. त्यानंतर अठरा पूर्ण केलेल्या पोरापोरींनी यंदा फक्त प्रचाराच्या रिक्षा ऐकायच्या.

यंदाची खरी भानगड आहे ती दोन ताऱ्यांची. राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे ते छापले आहेत. अशा मतदाराने कोणत्या केंद्रावर मत देणार हे आधीच लेखी कळवायचं. कळवलं नसेल तर केंद्रावर ओळखीची कसून तपासणी होणार, शिवाय ‘मी दुसरीकडे मतदान केलेलं नाही, करणारही नाही’ असं हमीपत्र द्यायचं. तारे पाहून घरी परतू नका, मताचा हक्क शाबूत आहे.

मुंबईत 1 नोव्हेंबर 2025 ला विरोधकांनी मतदार याद्यांतल्या घोळावर ‘सत्याचा मोर्चा’ काढल्यापासून दुबार म्हणजे बोगस, असा गलका सुरू आहे. काही ठिकाणी तसं असेलही. पण नागपुरात मला दिसणारं कारण फार साधं आहे. घर बदललं की नमुना 8 भरायचा असतो, म्हणजे नाव जुन्या जागेवरून नव्या जागी जातं. लोक भरतात नमुना 6, जो पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यासाठी आहे. सोसायटीत टेबल टाकून बसलेला कार्यकर्ताही तोच पुढे करतो, कारण त्याला नवी नावं दाखवायची असतात. एकाच माणसाची दोनदा नोंद 1950 च्या कायद्यालाच मान्य नाही. तरी पंचाहत्तर वर्षांत यंत्रणेला जी नावं गाळता आली नाहीत, त्यांची हमी आता मतदाराकडून लिहून घेणं, हे जरा अतीच झालं!

गुरुवार आटोपला तरी कागद आवरून ठेवू नका. स्थानिक निवडणुकांमुळे महाराष्ट्र 2025 मध्ये मतदार याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणातून तूर्त सुटला. शेजारचे मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोवा सुटले नाहीत. बिहारमध्ये 1 ऑगस्ट 2025 च्या प्रारूप यादीतून 65 लाख नावं गेली होती, आणि तिथे आधारही सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर सप्टेंबरात बारावा मान्य कागद म्हणून आला, तोही फक्त ओळखीपुरता.

या पुनरीक्षणात 2002 ते 2004 च्या सुमाराची जुनी यादी काढून तीत आपलं किंवा आई-वडिलांचं नाव दाखवावं लागतं. नागपुरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, बालाघाटहून आलेल्या सुना घरोघरी आहेत. महाराष्ट्राची पाळी आली की त्यांना माहेरच्या यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लागेल. संक्रांतीला माहेरी फोन होईलच, तेव्हा वडिलांना तेवढं विचारून ठेवा.