चाय झाली का पानी

भंडारा जिल्ह्यात जुलै उजाडला की धानाची रोवणी सुरू होते आणि अर्धा ऑगस्ट सरेपर्यंत चालते. या दिवसांत लाखांदूर तालुक्यात, चुलबंद नदीच्या पट्ट्यातल्या एका घरी राहून मी पहाटेचं स्वयंपाकघर पाहिलं. घरची बाई, तिला मी वहिनी म्हणते, अंधारातच उठते. गॅसवर चहा चढवते आणि तोवर अंगणातल्या चुलीत काड्या घालते. चहा उकळेपर्यंत रात्रीची भांडी घासून होतात. चहा गाळला की नळाखाली गुंडी लागते. गुंडी भरते तेवढ्यात तांदूळ धुतले जातात. भात शिजून पसवायला ठेवला की पेज निथळेपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात आठवीतल्या मुलीची वेणी होते. वेणी चालू असतानाच दप्तराची चौकशीही होते. कंपास घेतला का, पाण्याची बाटली कुठं आहे, डब्याचं झाकण सापडलं का. मुलीचं डोकं आईच्या हातात असल्यामुळे तिला उत्तर दिल्याशिवाय उठता येत नाही.

मी विचारलं, हे सगळं घड्याळाकडे न बघता कसं जमतं?

"घड्याळ पाहून का करू जी? चाय झाली का पानी, पानी झालं का भात. मंधात घड्याळ कुठं आलं? गाडी आली का निघा लागते."

गाडी म्हणजे रोवणीच्या बायांना न्यायला येणारा ट्रॅक्टर किंवा मालवाहू ऑटो. रोवणी बहुतेक एकरी ठेक्यानं होते. एका गटात दहा-पंधरा बाया असतात आणि गाडी कुणासाठी थांबत नाही.

नवीन सवय लावायची तर ती जुन्या सवयीला जोडा, असं सांगणारी पुस्तकं गेल्या काही वर्षांत जगभर खपली. जेम्स क्लिअर यांचं २०१८ साली आलेलं पुस्तक मराठीतही वाचलं जातं. स्टॅनफर्डचे बी. जे. फॉग तर सांगतात, आधी एकच दात दोऱ्यानं साफ करा, बाकीचे आपोआप होतील. या सगळ्याच्या मागे पीटर गोल्वित्झर या मानसशास्त्रज्ञाचं काम आहे. 'व्यायाम करेन' या संकल्पापेक्षा 'अमुक झालं की तमुक करेन' हा संकल्प जास्त तडीस जातो, हे त्यांनी १९९९ मध्ये मांडलं. मला त्यात खोट दिसत नाही. पण हे वाचणाऱ्याच्या हाताशी स्वतःची सकाळ असते, असं ही पुस्तकं धरून चालतात. वहिनीची सकाळ घरातल्या सगळ्यांची असते. त्या सकाळीत आणखी एक काम घालायचं तर ते कुठल्या खुंटीला टांगायचं, ती खुंटी किती वजन पेलेल आणि हंगाम बदलला की ती जागेवर राहील का, हे तिला आधी पाहावं लागतं.

लाल गोळीचं उदाहरण घेते. वहिनीचं हिमोग्लोबिन कमी निघालं आणि गावातल्या आशा कार्यकर्तीनं, म्हणजे आशाताईंनी, उपकेंद्रातून लोहाच्या गोळ्या आणून दिल्या, रोज एक. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं. त्यामुळे अशी लाल पाकिटं गावात घरोघरी आहेत आणि पुष्कळ घरांत ती अर्धी भरलेलीच राहतात. वहिनीनं गोळी अर्थातच चहाला जोडली. घरातली सगळ्यात पक्की सवय तीच. आजारपण असो, लग्न असो, मयत असो, चहा चुकत नाही. गोळीही चुकेना.

पण चहातलं टॅनिन लोह अंगी लागू देत नाही. गोळी आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर हवं, लिंबू असेल तर उत्तम. आशाताईंनी हे सांगितलं तेव्हा घरातली सर्वांत मजबूत खुंटी बाद झाली. मग गोळी रात्रीच्या जेवणाला लावली. उन्हाळ्यात ते बरं चाललं. रोवणी आली आणि बिघडलं. दिवसभर पाण्यात वाकून पऱ्हे लावलेली बाई रात्री ताटावरच पेंगते. कधी जेवते, कधी नुसता पेजेचा पेला पिऊन पडते. जेवणाला वेळ नाही, क्रम नाही, काही रात्री जेवणच नाही.

आज ते पाकीट मच्छरदाणीच्या दोरीला बांधलेलं आहे. कल्पना तिचीच. "मी जेवन विसरतो, पन मच्छरदानी नाई विसरत," ती म्हणाली. (इथल्या झाडीबोलीत बायकाही 'विसरतो'च म्हणतात.) पावसाळ्यात या भागात डास असे असतात की मच्छरदाणी बांधल्याशिवाय कुणाला झोप लागणं शक्य नाही. दोरी ओढायला हात वर गेला की पाकीट हाताला लागतं. पाण्याचा तांब्या उशाशी आधीपासूनच असतो.

या एका गोष्टीवरून मला जे दिसलं ते पुस्तकांत फारसं नाही. पक्की सवय आणि योग्य सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि रोवणीच्या घरात वेळेला बांधलेलं काम आधी तुटतं, न चुकणाऱ्या घटनेला बांधलेलं टिकतं. 'रात्री नऊ वाजता' हे जुलैत चालत नाही, 'मच्छरदाणी बांधताना' चालतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना नवी सवय लावून पाहिली होती. २०१० मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ माणसागणिक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत येत होता, मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही त्यात आहे. हे दिलासा देणारं आहे खरं, पण रोवणीत एखादा दिवस चुकत नसतो, सगळा महिनाच उलटापालटा होतो. जिथं कालव्याचं किंवा बोअरचं पाणी आहे तिथं उन्हाळी धानही घेतात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा रोवणी. सवय पक्की होईपर्यंत पुढचा हंगाम दारात.

खुंट्यांचं हे शास्त्र चांगल्याच कामांना लागू पडतं असंही नाही. दुपारी बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावर, डबे उघडले, भात-वरण आणि जवसाची चटणी झाली, आणि प्लास्टिकच्या तुकड्यात घोटलेला खर्रा निघाला. सुपारी, तंबाखू, चुना. जेवण झालं की खर्रा, चहा झाला की खर्रा, कंबर सरळ करायला उभं राहिलं की खर्रा. हे कुणी कुणाला तक्ता लावून शिकवलं नाही. तंबाखूचे असे पदार्थ विकायला महाराष्ट्रात कित्येक वर्षांपासून बंदी आहे, तरी विदर्भातल्या पानठेल्यांवर तो मिळतो. आरोग्य खात्याची भित्तिपत्रकं 'तंबाखू सोडा' एवढंच सांगतात. पण वाकून वाकून मोडलेल्या कमरेला जी दोन मिनिटं उभं राहायची परवानगी मिळते, तीच खर्ऱ्याची खुंटी आहे. त्या दोन मिनिटांत दुसरं काय टांगायचं हे भित्तिपत्रक सांगत नाही. गटातली एक बाई आता पिशवीत भाजलेले चणे ठेवते. जमतं का, विचारलं तर हसली. "अर्धं अर्धं जी."

या घरातली सर्वांत जुनी जोड मला वहिनीच्या सासूबाईंनी दाखवली. भातासाठी तांदूळ मोजून घेतले की त्यातली एक मूठ परत वेगळ्या डब्यात टाकायची. रोज, दोन्ही वेळा. बचत गटाच्या मासिक हप्त्याला पैसे कमी पडले तर हा डबा उपयोगी येतो, नाहीतर सणाला. धानाच्या जिल्ह्यात तांदूळ मोजणं ही चुकूच न शकणारी क्रिया, आणि मूठ हे नेहमी हाताशी असणारं माप. विनोबांनी भूदानाच्या काळात सर्वोदय-पात्र सुरू केलं ते याच धर्तीवर. घरोघरी एक भांडं, त्यात रोज मूठभर धान्य, आणि ते घरातल्या लहान मुलाच्या हातानं. मोठ्याची मूठ न घेता मुलाची मूठ घेण्यात विनोबांची खास बुद्धी दिसते. घराला भार कमी आणि मुलाला रोजचं काम. तिकडे मिझोराममध्ये १९१० पासून ख्रिस्ती बायका स्वयंपाकाच्या तांदळातली मूठभर चर्चसाठी बाजूला काढतात. एवढ्याशा सवयीवर त्यांचं धर्मकार्य उभं राहिलं. सासूबाईंना विनोबा ठाऊक आहेत, मिझोराम नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमी त माय करत होती म्हनून करतो."

आठवड्याच्या कामांना रोजची खुंटी चालत नाही. डेंग्यूचा डास घरातल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं. सगळी भांडी रिकामी करायची, घासायची, मग भरायची. कुठला वार? सरकारी कागदावर कुठलाही. या गावात बायांनी तो बाजाराच्या दिवसाला लावला आहे, कारण त्या दिवशी रोवणीचा गट सुटीवर असतो आणि बाजारातून आल्यावर भाजी धुवायला भरपूर पाणी लागतं. रांजण उपसून त्याच पाण्यानं अंगण धुतात. उन्हाळ्यातला कूलर मात्र पावसाळाभर परसात तसाच उभा असतो, तळाशी बोटभर पाणी घेऊन. तो कुणाच्या क्रमात बसत नाही.

आणि इथं घरच्या पुरुषाचा विषय निघतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाया त्याला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८. म्हणजे नवं काम टांगायला जागा शोधायची ती बहुतेक वेळा आधीच भरलेल्या भिंतीवर. सवयी जोडण्याच्या सगळ्या सल्ल्यातली मला न पटणारी गोष्ट हीच. आईनं आपल्या क्रमात आणखी एक काम कौशल्यानं बसवलं की सगळे तिचं कौतुक करतात आणि काम तिचंच होऊन बसतं. वहिनीच्या नवऱ्याच्या, म्हणजे दादांच्या, दिवसातही न चुकणाऱ्या गोष्टी आहेत. सकाळी दूध केंद्रावर जाणं, आल्यावर स्वतःची गाडी पुसणं, रात्री मोबाईल चार्जिंगला लावणं. मोबाईल लावायला ते एकदाही विसरले नाहीत, हे वहिनीनं हेरलं. चार्जिंगच्या जागेखाली तिनं चण्याचा डबा, वाटी आणि पाण्याचा गडू ठेवला. मोबाईल लावला की चणे भिजत घालायचे, सकाळी पोरांना आणि धुऱ्यावरच्या डब्याला. पहिले काही दिवस आठवण करून द्यावी लागली, आता लागत नाही. फक्त वीज गेली की चणे भिजत नाहीत. पावसाळ्यात वीज बरेचदा जाते. दादांचं म्हणणं, मोबाईलच नाही लावला तर चण्याची आठवण कशी येणार? यावर वहिनीनं काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्याजोगं नाही.

कूलर दादांच्या गाडी पुसण्याला जोडायचा असं ठरलं. फडकं हातात असतंच, कूलरही शेजारीच उभा. मी निघाले त्या दिवसापर्यंत गाडी चकचकीत होती आणि कूलरच्या तळाचं पाणी तेवढंच होतं.

मुलीची गोळी निळी. शाळेत दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा ती शिक्षकांसमोर देतात, दुपारच्या खिचडीनंतर. शाळा आहे तोवर यात आईला काही करावं लागत नाही. पण दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गोळी बंद पडते, कारण तिची खुंटी शाळेच्या भिंतीत आहे. आशाताई सुट्टीच्या आधी घरोघरी गोळ्या देतात आणि जूनमध्ये त्यातल्या बऱ्याच तशाच परत मोजतात. या दिवाळीपासून गोळी बाजाराच्या दिवशी द्यायची, असं मायलेकींनी ठरवलं. बाजारातून भजी आणतात, ती खाल्ल्यावर. सासूबाईंना ते पटलं नाही. तेलकटावर औषध कशाला, त्यांनी विचारलं. रिकाम्या पोटी मळमळतं, म्हणून काहीतरी खाऊन घ्यायची, असं आशाताई म्हणाल्या. मग प्रश्न उरला तो भज्यांसोबतच्या चहाचा. मुलगी म्हणाली, "चाय मी त्या दिवशी नाई घेनार." वहिनीनं तिच्याकडे पाहिलं, पण काही बोलली नाही. भात पसवायला ठेवलेला होता, वेणी अर्धी राहिली होती आणि गाडीचा भोंगा वाजला होता.