अंतराळवीराच्या हातचे काम

दीर्घ अंतराळमोहिमांची चर्चा सहसा इंधन, प्राणवायू आणि किरणोत्सर्ग यांच्याभोवती फिरते. महिनोन्‌महिने बंदिस्त जागेत राहणाऱ्या माणसाला रोजचे काम मनापासून करावेसे वाटेल का, हा प्रश्न मात्र मागे पडतो.

जून-जुलै 2025 मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर 18 दिवस राहिले, तेव्हा त्यांनी मेथी आणि मूग या सोलापूरच्या शेतकऱ्याला नित्य परिचित असलेल्या पिकांचे बी अंकुरवले, त्याची छायाचित्रे घेतली आणि ते अंकुर शीतपेटीत ठेवले. प्रयोगाची आखणी धारवाडच्या शास्त्रज्ञांची होती. स्थानकावर लागले ते शिस्तीचे हात. अठरा दिवसांच्या मुक्कामात एवढ्यावरही उत्साह टिकतो, परंतु दुसऱ्याच्या सूचनांबरहुकूम चालणेच वर्षभर वाट्याला आले, तर काम भरपूर असूनही ते आपले वाटत नाही.

याचा धडा अमेरिकेच्या ‘स्कायलॅब’ या स्थानकावर नोव्हेंबर 1973 ते फेब्रुवारी 1974 असे 84 दिवस राहिलेल्या तिसऱ्या तुकडीने दिला. आधीच्या तुकडीने सरावाने गाठलेला वेग या तिघा नवख्यांकडून पहिल्या दिवसापासून अपेक्षिला गेला आणि मिनिटामिनिटाचे वेळापत्रक आखले गेले, त्यामुळे चुका वाढल्या व कुरबुरी सुरू झाल्या. (त्यांनी ‘संप’ केल्याची कथा रंजक असली तरी खरी नव्हे.) 30 डिसेंबरला नियंत्रण कक्षाशी मोकळेपणाने बोलणे झाल्यावर किरकोळ कामे सवडीने करण्याची मुभा मिळाली, जेवणानंतरची वेळ मोकळी राहिली आणि काम उलट वाढले. तुकडीतले सौरभौतिकशास्त्राचे अभ्यासक एडवर्ड गिब्सन सौरदुर्बिणीपाशी चिकाटीने लक्ष ठेवून राहिले आणि 21 जानेवारीला त्यांनी सौरज्वालेचा, म्हणजे सूर्यावर अचानक होणाऱ्या ऊर्जास्फोटाचा, आरंभ टिपला. कधी थांबायचे आणि कोठे पाहायचे हे त्यांना स्वतः ठरवावे लागत होते, आणि कामाची गोडी नेमकी तेथे होती.

पृथ्वीवर अशा दीर्घ, बंदिस्त मुक्कामाच्या सर्वांत जवळ जाणारा भारतीय अनुभव अंटार्क्टिकावरील ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या तळांचा आहे. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या मोहिमा पाठवते. हिवाळी तुकडीला मैत्रीवर सुमारे दोन महिने सूर्यदर्शन होत नाही. तेथे नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची उपकरणे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील चढउतार अखंड नोंदवत असतात आणि त्या नोंदींत खंड पडू न देणे हे तेथील माणसाचे काम असते; त्याचे चीज मात्र कित्येकदा तो परतल्यावर होते. स्वयंपाकघरातली पाळी, म्हणजे ‘गॅली ड्यूटी’, शास्त्रज्ञांनाही चुकत नाही. भांडी घासण्याला कोणी संशोधन म्हणणार नाही, तरी त्या कामाचा उपयोग त्याच संध्याकाळी सोबत्यांच्या ताटात दिसतो, आणि दूरच्या फळासाठी राबणाऱ्याला हा जवळचा पुरावा फार मोलाचा असतो.

मंगळमोहिमेत संदेश एका बाजूने पोहोचायलाच 22 मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून पृथ्वीवरून मिनिटामिनिटाचे वेळापत्रक चालवणे तेथे अशक्यच ठरेल. निर्णय यानातल्यांनाच घ्यावे लागतील. मात्र यानाचे रचनाकार दुरुस्ती, रोपांची निगा आणि निरीक्षण ही सर्व कामे यंत्रांकडे सोपवून मोकळे झाले, तर निर्णय घेण्याजोगे माणसाच्या हाती फारसे उरणार नाही.