पाळणा, धर्मश्रद्धा आणि आपण डॉक्टर

काही वर्षांपूर्वी मुरारमधील एक कॅथलिक दांपत्य पाच महिन्यांच्या बाळाला लसीकरणासाठी माझ्याकडे घेऊन आले. थोरले मूल जेमतेम दीड वर्षाचे, आई रक्तक्षयाने निस्तेज झालेली. आता पाळणा लांबवा, असे मी सुचवताच ‘आमच्या धर्मात ते चालत नाही’ असे ती संकोचून म्हणाली. मी निरुत्तर झालो आणि या विषयाचे वाचन सुरू केले.

मराठी माणसाला या प्रश्नाची ओळख र. धों. कर्व्यांमुळे आहे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. पुढे या प्रचारापायी १९२५ मध्ये मिशनऱ्यांच्या विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी त्यांना सोडावी लागली. अर्थात त्यांना छळणाऱ्यांत आपले सनातनीही मागे नव्हते. त्या काळी जवळजवळ सर्वच ख्रिस्ती पंथ कृत्रिम साधनांच्या विरुद्ध होते. अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेने १९२० मध्ये निषेध नोंदवला, मात्र १९३० मध्ये तिनेच विवाहितांना मर्यादित मुभा दिली. कालांतराने बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांनी हा निर्णय दांपत्याच्या विवेकावर सोपवला.

कॅथलिक चर्चने मात्र १९३० मध्ये आणि पुन्हा १९६८ मध्ये, पोप सहावे पॉल यांच्या ‘ह्युमाने व्हिटे’ या पत्राद्वारे, कृत्रिम साधने निषिद्ध ठरवली. परंतु त्याच पत्रात जबाबदार पालकत्वाचा पुरस्कार आहे. सबळ कारण असल्यास ऋतुचक्रातील वंध्य काळाचा आधार घेऊन अंतर राखण्यास संमतीही आहे. म्हणजे त्या मातेची समजूत अर्धीच खरी होती. निषेध साधनांचा होता, अंतराचा नव्हे.

बाळ नऊ महिन्यांचे झाल्यावर गोवराच्या लसीसाठी ती आली, तेव्हा मी हे तिला सांगितले. पहिले सहा महिने बाळ केवळ अंगावर पीत असेल आणि पाळी परतली नसेल, तर स्तनपान सुमारे ९८ टक्के संरक्षण देते, पण तो काळ आता सरला होता. स्तनपानकाळात ऋतुचक्र अनियमित असल्याने वंध्य काळ ओळखणे कठीण जाते, हेही लपवले नाही. बाळंतपणानंतर किमान दोन वर्षे पुढील गर्भधारणा टाळावी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सांगून मी त्या उभयतांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले.

त्यांनी कोणता मार्ग स्वीकारला, हे मी विचारले नाही. धाकटे चार वर्षांचे होईतो पाळणा पुन्हा हलला नाही, एवढे खरे. रुग्णाच्या श्रद्धेशी वाद घालण्यापूर्वी ती नीट समजून घ्यावी, हा धडा मात्र मला त्या मातेने दिला.