गोमंतकीयांचें नागरिकत्व

राहात्यास जन्मलेल्या गृहस्थास नागरिकत्व राज्यघटनेनेंच दिलें. त्याला कोणीं कांहीं विचारलें नाहीं. गोमंतकांतील आप्तांची गोष्ट निराळी. पोर्तुगाल १९५१ पासून गोव्यास आपला सागरापारचा प्रांत म्हणे. डिसेंबर १९६१ मध्यें गोवा मुक्त झाला, आणि २८ मार्च १९६२ च्या आदेशानें, जो स्वतः किंवा ज्याचे आईबाप वा आजाआजी यांपैकीं कोणी २० डिसेंबर १९६१ पूर्वीं तेथें जन्मलें होतें, तो आपोआप भारतीय ठरला. जुनेंच नागरिकत्व राखावयाचें तर एका महिन्यांत लेखी कळवावयाचें. मौन म्हणजे संमति! एवढ्या निर्णयास महिना आम्हांस तोकडाच वाटतो. रेव्हरंड मोंतेरो यांनीं तसें कळविलें. पुढें वास्तव्याचा परवाना नवा न करतां ते गोव्यांतच राहिले. त्यांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयानें १९६९ सालीं कायम केली.

पोर्तुगालनें भारताचें स्वामित्व १९७४ च्या तहानें मानलें. तथापि मुक्तीपूर्वीं तेथें जन्मलेल्यांस व त्यांच्या मुलांनातवंडांस आपलें दार उघडेंच ठेविलें. त्यांतून युरोपांत नोकरीस जाऊं इच्छिणाऱ्या तरुणांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, आमचा कायदा दोन नागरिकत्वें चालूं देत नाहीं. 'परदेशस्थ भारतीय नागरिक' असें भारदस्त नांवाचें पत्र मागून मिळूं शकतें. परंतु त्यावर मत देतां येत नाहीं, कीं शेतजमीन विकत घेतां येत नाहीं.