मागून बसलेली गाडी

कापसाचा हंगाम लागला की हिंगणघाटच्या रस्त्यावर पहाटेच्या अंधारात एक गंमत दिसते. समोरून येणाऱ्या पिकअपचा उजेड रस्ता सोडून कडेच्या कडुलिंबाच्या शेंड्यावर पडलेला असतो. आपण मनातल्या मनात ड्रायव्हरला शिव्या घालतो, पण त्या बिचाऱ्याने अप्पर लावलेलाच नसतो. मागे कापूस असा तुडवून भरलेला असतो की गाडीचे बूड खाली आणि नाक वर. पुढच्या आणि मागच्या चाकांत ३ मीटर अंतर धरा आणि मागची बाजू साडेसात सेंटिमीटर खचली असे समजा. दिव्याचा झोत ५० मीटरवर सव्वा मीटर वर चढतो, म्हणजे थेट समोरच्याच्या डोळ्यांत. वर्ध्याकडे याला सुटसुटीत शब्द आहेत. गाडी मागून बसली.

बसलेली गाडी उठवायची कशी, या एका प्रश्नावर जगभरात मोठा धंदा उभा आहे. त्यातला मला सर्वांत गमतीचा वाटणारा प्रकार म्हणजे हवेचे फुगे. त्यातही गाडी आधी चिखलासाठी उंच केलेली आणि वर तिच्याकडून ट्रेलर ओढून घ्यायचा, असा दुहेरी हट्ट असला की या फुग्यांची खरी परीक्षा होते.

मूळ दुखणे मात्र मोटारीहून जुने आहे. बैलबंडी हाकणाऱ्याला ते पाठ असते. भार आखाच्या मागे गेला की बंडी उलाळ होते. धुरा वर उचलल्या जातात, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते आणि गळ्याखालची जोती आवळतात. भार फार पुढे आला तर मानेला आवाळू येते. म्हणून जाणता माणूस पोती रचताना बैलाच्या मानेवर थोडासाच भार येईल असे बघतो. मोटारीमागे ट्रेलर जोडणाऱ्यांचा नियम याहून वेगळा नाही. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर असावा, असे ते मानतात. कमी असला तर ट्रेलर शेपटीसारखा डुलतो, जास्त असला तर ओढणारी गाडी बसते. उलाळ म्हणजे काय हे ज्याला कळते, त्याला निम्मा विषय आधीच आलेला असतो.

बैल आणि मोटार या जिल्ह्यात एकदा एकाच जुवाखाली आले होते, अशी गोष्ट वर्ध्यात सांगतात. गांधीजी १९३६ साली शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला गेले तेव्हा वर्ध्याहून तिकडे जाणारी वाट पावसाळ्यात चिखलाची होती. जमनालाल बजाजांच्या एका जुन्या फोर्डला पुढे बैल जुंपले आणि तिचे नाव पडले ‘ऑक्सफर्ड’. इंजिनाचा उपयोग नाही, पण गादी आणि पाटे आहेतच, तर माणूस निदान हाडे शाबूत ठेवून पोचेल, हा विचार मला फार व्यवहारी वाटतो. साध्या बंडीत आख आणि साटा यांच्यामध्ये काहीच नसते. प्रत्येक गोटा थेट पाठीच्या कण्याला कळतो.

तो चिखलही साधा नव्हे. इथली काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून आक्रसते. तिच्यावर बांधलेला डांबरी रस्ताही वर्षभर श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो. समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर सुळकन धावणारी गाडी येळाकेळीला खाली उतरून शेताच्या पांदणीला लागली की दोन चाके दोन वेगळ्या उंचीवर चालतात. गाडी उंच करण्याची हौस शहरात दिखाव्यासाठी असेल. पांदणीत मात्र ती पोट घासू नये म्हणून असते.

अशा रस्त्यांवर गाडी सांभाळतात ते पाटे. पोलादी पट्ट्यांची ही चळत असते. सर्वांत लांब तो मेन पाटा, त्याच्या टोकांना वळवलेले डोळे, सोबत उतरत्या लांबीचे पाटे, मधून आरपार सेंटर बोल्ट आणि सगळे ॲक्सलला करकचून आवळणारे यू बोल्ट. भार आला की चळत सरळ होते, पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यातच थोडा धक्का जिरतो. वर्षानुवर्षे जादा माल वाहून पाटे कमान टाकून देतात. मग पाटेवाल्याच्या दुकानात गाडी जॅकवर चढते, चळत सुटते आणि घणाचे काम सुरू होते. पाटा ऐरणीवर धरून इंचाइंचाने ठोकायचा, जोडीच्या पाट्यावर ठेवून फट बघायची, पुन्हा ठोकायचा. बाक दोन्ही बाजूंना सारखा आला नाही तर गाडी एका अंगाला कलून चालते. दुकानातून निघता निघता मिस्त्री हमखास विचारतो, “एक पाटा वाढवून देऊ का जी?”

बहुतेक जण हो म्हणतात, आणि तिथेच फसतात. वाढवलेला पाटा चोवीस तास वाढलेलाच राहतो. कापूस भरून हिंगणघाटला जाताना तो उपयोगी पडतो. माल उतरवून रिकामे परतताना मात्र गाडी उधळते. मागची चाके खड्ड्यावरून उडतात, ब्रेक लावला की घसरतात. आर्वी, आष्टी, कारंजाकडचा संत्रा उत्पादक तर भरल्या गाडीतही कडक पाट्यांना भितो, कारण खालच्या थरातली फळे धक्क्याने दबली की बाजारात त्यांचा भाव जातो.

फुग्याचे सगळे महत्त्व या जाण्या-येण्यात आहे. जाड रबराचा, आत धाग्यांचे थर असलेला हा फुगा चेसी आणि ॲक्सल यांच्यामध्ये बसतो. त्याचे गणित पंक्चरवाल्यालाही समजेल. तो ज्याला ‘पौंड’ म्हणतो तो चौरस इंचावरचा दाब असतो. सहा इंच व्यासाच्या फुग्याचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस इंच. त्यात ५० पौंड हवा भरली तर तो १४०० पौंड, म्हणजे साधारण ६४० किलो तोलून धरतो. दोन बाजूंना दोन फुगे. माल उतरला की हवा सोडायची, पाटे पुन्हा आपल्या मूळच्या मऊपणाने चालतात. शिवाय हवा दाबली जाईल तशी कडक होत जाते, त्यामुळे मोठ्या खड्ड्यात गाडी थडकन आदळत नाही.

अमेरिकेत फायरस्टोनने १९३० च्या दशकात असे फुगे बनवायला घेतले आणि १९५३ पासून ग्रेहाउंडच्या बसगाड्या त्यांच्यावर धावू लागल्या. आपल्या ओळखीचे झाले ते २००१ साली व्होल्वोची बस भारतात आली तेव्हा. बसच्या फुग्यांना हवा माणसाने भरावी लागत नाही. ॲक्सलला जोडलेला एक लहानसा दांडा असतो. प्रवासी चढले, गाडी खचली की दांडा वळतो आणि टाकीतली हवा आत जाते. प्रवासी उतरले की फुस्स करून बाहेर पडते. आपल्याकडचे मेकॅनिक या फुग्याला बलून किंवा बेलो म्हणतात. जामच्या चौकात पाच मिनिटे उभे राहिलात तर त्याचा आणखी एक अवतार दिसेल. राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून रिकामा जाणारा बारा चाकी ट्रक, आणि त्याच्या चाकांची एक जोडी जमिनीपासून वीतभर वर लोंबकळते आहे. ती लिफ्ट ॲक्सल. रिकामे असताना टायर झिजू नयेत म्हणून ड्रायव्हर कॅबिनमधूनच तिला उचलतो, आणि तिला उचलून धरतो तो फुगाच.

आता उंच केलेल्या गाडीकडे येऊ. चेसी ॲक्सलपासून चार इंच वर नेली तर मधली जागाही चार इंचांनी वाढते. मूळ गाडीच्या मापाचा फुगा तिथे बसवला की तो आधीच ताणलेला राहतो. म्हणून खाली तेवढ्याच उंचीची लोखंडी बैठक द्यावी लागते. ती नुसती उंच असून भागत नाही. उंच बैठकीवर बाजूचा रेटा आला की ती वाकते, म्हणून तिला आडवे तीर हवेत. त्याहून मोठी भानगड पांदणीत होते. एक चाक खड्ड्यात खोल लोंबते तेव्हा फुगा वर चेसीला आणि खाली ॲक्सलला बोल्टने घट्ट असेल, तर तो रबराच्या ताकदीपलीकडे ताणला जातो आणि कडेला फाटतो. यावर शोधलेला उपाय मला फार आवडतो. फुगा फक्त वरच्या बाजूने बांधायचा आणि खाली वाटीसारख्या बैठकीत नुसता टेकवायचा. चाक लोंबले की वाटी फुग्याला सोडून खाली जाते, चाक वर आले की पुन्हा त्याला झेलते. चिखलात जाणार नसाल तर ही कटकट नको. जाणार असाल तर हिच्याशिवाय फुगे लावूच नका.

नळ्यांचाही असाच एक बारकावा आहे. दोन्ही फुगे एकाच नळीने जोडले तर काम सोपे, एकाच तोंडाने हवा भरता येते. पण वळणावर गाडी ज्या अंगावर कलते तिकडचा फुगा दबतो आणि त्यातली हवा नळीतून पलीकडे पळते. जिथे आधार हवा तिथेच तो निघून जातो. आधीच उंच असलेली गाडी मग आणखी कलते. दोन फुगे, दोन नळ्या, दोन तोंडे. इथे काटकसर करू नये.

आणि आपला उन्हाळा. नवतपात वर्ध्याच्या उन्हात उभी गाडी खालूनही तापलेली असते. पहाटे ५० पौंड भरलेली हवा तीसेक अंशांनी तापली की काटा ५६ च्या पुढे जातो. सायलेन्सर फुग्याजवळून जात असेल तर मध्ये पत्रा ठोकणे भागच आहे. पावसाळ्यात काळा चिखल घड्यांमध्ये बसतो, वाळून दगड होतो आणि रबराला कानस लावल्यासारखा घासत राहतो. धुताना गाडीचे टप सगळेच चमकवतात. पाण्याचा फवारा आधी तिथे, खाली, मारायला हवा.

फुगे विकणारा एक गोष्ट सहसा सांगत नाही. ट्रेलरचा २०० किलो भार हुकावर आहे आणि हूक मागच्या चाकांच्या सव्वा मीटर मागे आहे असे समजा. तराजूच्या न्यायाने पुढच्या चाकांवरचे सुमारे ८० किलो वजन उचलले जाते आणि मागच्या चाकांवर २८० पडते. फुगे भरले की गाडी सपाट दिसते, दिवा पुन्हा रस्त्यावर येतो, ब्रेकला गाडी नीट वागते. पण ते ८० किलो पुढे परत येत नाहीत. स्टिअरिंग हलके लागत असेल तर ते हलकेच राहते. त्यासाठी भार पुढे ढकलणारा वेगळा हूक लागतो किंवा ट्रेलरमधला माल पुढेमागे करावा लागतो. उंच गाडीचा हूकही उंच जातो, ट्रेलरचे नाक वर होते आणि त्यातला भार मागे झुकतो, म्हणजे पुन्हा तेच उलाळ. म्हणून हुकाची बैठक खाली घ्यायची, हे फुगे घेण्याआधीचे काम.

कायद्याचे म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनाने फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितले. एमएच ३२ च्या आरसीवर लिहिलेला वजनाचा आकडा तर फुग्याने तसूभरही वाढत नाही. ॲक्सल तेच, बेअरिंग तेच, ब्रेक तेच. गाडी सपाट उभी आहे म्हणून आणखी दोन क्विंटल टाकू, असे म्हणणारा मालक मी पाहिला आहे. ती सपाट दिसते हेच त्याच्या गैरसमजाचे कारण होते. मागून बसलेली गाडी निदान खरे तरी सांगत होती.

वर्ध्यात आजही पाट्यांचेच राज्य आहे आणि पाटेवाल्याचा घण इतक्यात थांबेल असे नाही. पण ज्याच्या गाडीला फुगे आहेत त्याने संध्याकाळी माल उतरवल्यावर एवढे करावे. मडगार्डमागच्या दोन्ही तोंडांवरच्या टोप्या काढाव्यात, पिन दाबावी, फुस्स आवाजाबरोबर मागची बाजू हळूहळू खाली येताना बघावी आणि मीटर लावून पाच पौंडांवर थांबावे. पूर्ण रिकामा फुगा स्वतःच्याच घडीत चिमटतो.